कासची फुलं फोटोवरून ओळखताना या चुका टाळा

सप्टेंबरात कास पठारावरून साताऱ्यात उतरलो की मी फुलांची जाण असलेल्या एका सरांना लगेच फोटो पाठवायचो, "सर, हे कोणतं फूल?" सरांचा उलट प्रश्न ठरलेला, "मागून काढलाय का?"

फूल समोरून टिपलं की काम झालं, ही सगळ्यात मोठी चूक. तेरड्याच्या जाती वेगळ्या करायला पाकळ्यांमागची बाकदार शेपटी बघावी लागते. 'सीतेची आसवं' नावाच्या फुलांचंही तसंच. 'मिकी माऊस' म्हणतात त्या कवल्याच्या जातींत पिवळ्या पाकळ्या सारख्याच दिसतात. खरा फरक फुलाखालच्या हिरव्या निदलांवरच्या केसांत आणि शिरांत असतो. म्हणून फूल समोरून, बाजूने, मागून घ्या. पान दोन्ही बाजूंनी घ्या, देठासकट. शेवटी चार पावलं मागे सरकून अख्खं झाड टिपा. कारवी आणि टोपली कारवी नुसत्या जांभळ्या फुलावरून गोंधळात टाकतात, पण टोपली कारवीचं उपड्या टोपलीसारखं गोल झुडूप दिसलं की शंका उरत नाही. मात्र मागे सरकताना पायाखाली कळ्या नाहीत ना, हे आधी बघा. फूल तोडून हातात धरून फोटो काढणं तर नकोच.

ढगाळ उजेडात मोबाइल जांभळ्याला बिनदिक्कत निळा करतो. खरा रंग तिथल्या तिथे वहीत लिहा. सोबत झाड कातळावर होतं की डबक्यात, तेही. पाण्यातला दुफाटा तुरा म्हटलं की जाणकाराच्या मनात वायतुरा लगेच येतो. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर बारकावे पुसट होतात, तारीखही निघून जाते. कंदीलपुष्पाची नेमकी जागा मात्र चारचौघांत सांगू नका. त्याचे कंद खाण्यासाठी उकरले जातात.

आलेलं पहिलं नाव तसंच लिहून ठेवू नका. "सोनकी" असं उत्तर आलं तर "कशावरून?" असं नम्रपणे विचारा. चांगला जाणकार त्या प्रश्नाने खूश होतो, आणि आपण खरं शिकतो ते तिथेच. गेंद या बारक्या गोंड्यासारख्या फुलाच्या बाबतीत मात्र जातीच्या नावाचा हट्ट सोडा. त्याच्या जाती इवल्याशा फुलांच्या भागांवरून आणि बियांवरून, भिंगाखाली ठरतात. तिथे "गेंदाची एक जात" एवढंच लिहिणं प्रामाणिक.

एखादं फूल अडलंच, तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच झाडाकडे परत जा आणि फळाचा किंवा शेंगेचा फोटो पाठवा.