इंटरप्ट वापरताना या चुका टाळा

इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून आधी इकडे पाहा असा चिपला मिळणारा इशारा, चालू करायला दोन ओळी पुरतात आणि टेबलावर तो लगेच चालतोही, म्हणून नवशिके पुढचे काही न वाचता तिथेच थांबतात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षे त्याच चुका दिसतात. त्यांपैकी दोन चुकांबद्दल सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिली चूक म्हणजे आयएसआरमध्येच, अर्थात इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्येच, सगळे काम उरकणे. आर्डुइनो उनो या बोर्डावरील एटीमेगा328पी ही चिप एक इंटरप्ट स्वीकारताच बाकीचे सर्व रोखून धरते आणि आयएसआर संपल्यावरच ते पुन्हा खुले करते. दरम्यान चिपमधील टायमर-0 हा मोजक दर 1.024 मिलिसेकंदांनी भरून पुन्हा शून्यावर येत असतो. त्याची नोंद ठेवणारा फ्लॅग (एका बिटाची खूण) एकच असल्यामुळे पहिली फेरी लक्षात राहते, पुढच्या हरवतात आणि मिलिसचा, म्हणजे सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या फंक्शनचा, हिशेब मागे पडतो. आयएसआरमध्ये मोठा डिले, म्हणजे थांबण्याची आज्ञा, लिहिला तर याच कारणाने तो नीट चालत नाही. सिरियल प्रिंट (संगणकाकडे अक्षरे पाठवणारी आज्ञा) त्याहून फसवे आहे, कारण 64 बाइटांच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जागा असेपर्यंत ते झटकन परतते आणि सारे ठीक वाटते. बफर भरला की 9600 बॉड या वेगाला प्रत्येक अक्षरामागे सुमारे एक मिलिसेकंद थांबावे लागते. माझी सवय अशी की आयएसआरमध्ये एक फ्लॅग उभारायचा किंवा एक आकडा वाढवायचा आणि बाहेर पडायचे. छपाई, गणित आणि निर्णय मुख्य लूपने करायचे. माझा आयएसआर दहा ओळींच्या पुढे गेला, तर मी तो पुन्हा लिहितो.

दुसरी चूक अधिक खोल आहे: व्हेरिएबलच्या घोषणेत व्होलॅटाइल हा शब्द लिहिला म्हणजे ते सुरक्षित झाले, ही समजूत. ती मीही बाळगून होतो. एका लहान कारखान्यात पट्ट्यावरून जाणारी पाकिटे मोजून 500 झाली की पट्टा थांबवायचा, असे यंत्र मी बसवले होते. आठवड्यातून एक-दोनदा पट्टा मधेच थांबे. मी सेन्सर बदलला, विद्युत गोंगाट अडवणारी शिल्डची वायर टाकली, पॉवर सप्लायही बदलला. उपयोग झाला नाही. शेवटी पॅकिंग करणाऱ्या ताईंनी प्रत्येक अपुऱ्या खोक्यातील पाकिटे मोजून वहीत लिहिली होती, ती वही मी मागून घेतली. प्रत्येक वेळी आकडा एकच होता: 256.

तो पाहताच दोष कुठे आहे ते कळले. ही चिप आठ बिटांची असल्यामुळे सोळा बिटांचा आकडा ती दोन खेपांत वाचते. माझ्या प्रोग्रॅममध्ये आधी खालचा बाइट वाचला जाई, तेव्हा मोजणी 255 असे आणि तो बाइटही 255 मिळे. नेमक्या त्याच क्षणी इंटरप्ट येऊन मोजणी 256 होई, आणि मग वाचलेला वरचा बाइट 1 असे. दोन्ही मिळून 511, म्हणजे 500 च्या पुढे, म्हणून पट्टा बंद. चूक घडण्याची फट होती 16 मेगाहर्ट्झला सुमारे 125 नॅनोसेकंदांची, पण लूप अखंड वाचत राहिल्यामुळे ती कधी ना कधी सापडतच असे. व्होलॅटाइलमुळे कंपायलर दरवेळी मेमरीतून ताजी किंमत आणतो; ती अखंडपणे आणण्याची हमी तो देत नाही. आता मी एकापेक्षा अधिक बाइटांची कोणतीही किंमत इंटरप्ट रोखून धरणाऱ्या अॅटॉमिक ब्लॉकमध्ये स्थानिक व्हेरिएबलात उतरवून घेतो आणि तुलना त्या प्रतीशी करतो. ‘दहा वेळा चालवून पाहिले, काही झाले नाही’ हा युक्तिवाद अशा दोषापुढे मी मान्य करत नाही.

पुश-बटण थेट इंटरप्टला जोडू नका. एका दाबात संपर्क अनेकदा उसळतो आणि तितके इंटरप्ट येतात. दर पाच मिलिसेकंदांनी पिन वाचणे मला पुरते.

एसटीएम32 या चिपवर आयएसआर फंक्शनच्या नावात एक अक्षर चुकले तरी कंपायलर सहसा तक्रार करत नाही. इंटरप्ट येताच प्रोग्रॅम डिफॉल्ट हँडलरच्या (आयएसआर न सापडल्यास चालणाऱ्या फंक्शनच्या) अनंत लूपमध्ये जातो. म्हणून नाव टाइप न करता ही नावे असलेल्या स्टार्टअप फाइलमधून उचलावे.

त्याच चिपवर पेंडिंग फ्लॅग, म्हणजे इंटरप्ट आल्याची खूण, आयएसआरच्या शेवटच्या ओळीत पुसू नये, कारण ते लिखाण पोहोचण्याआधी फंक्शन संपले तर तोच आयएसआर दुसऱ्यांदा चालतो. मी तो पहिल्याच ओळीत पुसतो. आणि एफ1 किंवा एफ4 या तिच्या मालिकांवर एक्स्टीच्या (पिनवरचे इंटरप्ट हाताळणाऱ्या भागाच्या) पेंडिंग रजिस्टरमध्ये 1 लिहिल्याने फ्लॅग पुसला जातो, हे ध्यानात ठेवून तिथे ‘ऑर’ची संक्षिप्त खूण (|=) न वापरता फक्त आपला बिट थेट लिहावा, अन्यथा शेजारच्या पिनवर नुकताच आलेला इंटरप्टही त्याच ओळीत नाहीसा होतो.