पिल्लू खात नव्हतं, कारण ऊब कमी पडत होती

न्यू जर्सीत मुलाच्या हट्टामुळे दोन महिन्यांचं बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू घरी आणलं. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या रखरखीत भागातला. चार दिवस त्याने रातकिड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पोट खपाटीला गेलं, अंग काळवंडलं. माझा जीव खालीवर होत होता.

त्याच्या काचेच्या पेटीवर चिकटवलेला तापमापक ३० अंश दाखवायचा, पण ते काचेचं तापमान. इन्फ्रारेड थर्मामीटरने बसायचा दगड मोजला, तर जेमतेम ३२! पिल्लाला तिथे ४०च्या आसपास लागतं, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. दगडाखाली वीट सरकवून तो वरच्या उष्णतेच्या दिव्याजवळ नेला. पेटीची दुसरी बाजू २६ वर ठेवली, अंग तापलं की त्याला तिकडे जाता यावं म्हणून. खिडकीतल्या उन्हावर विसंबलो होतो, तेही चुकलंच. काच यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्याला लागणारे अतिनील किरण, अडवते. म्हणून यूव्हीबीची ट्यूब लावली. वाळू काढून किचन पेपर अंथरला.

रातकिडेही मोठे होते. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लहान निवडले, कॅल्शियमची पूड लावून, दिवसातून तीनदा. उरलेले रात्री काढून घेतो, झोपलेल्या पिल्लाला ते चावतात.

या बदलांनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ते दगडावर चढलं, मान तिरकी केली आणि जीभ लपकन बाहेर आली.