कामाच्या ठिकाणच्या ख्रिस्ती चॅप्लनसेवेचे विश्वस्तपद कसे सांभाळावे

इंग्लंड आणि वेल्समध्ये कारखाने, बस डेपो, गोदामे, विमानतळ अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना नियमित भेटणारे चॅप्लन असतात. चॅप्लन म्हणजे लोक जिथे राबतात तिथे जाऊन त्यांचे ऐकून घेणारा पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) किंवा प्रशिक्षित सेवक. 1944 मध्ये शेफील्डचे बिशप लेस्ली हंटर यांनी टेड विकम या पाळकांना तिथल्या पोलाद कारखान्यांत या कामासाठी नेमले, तेव्हापासून या सेवेला संघटित रूप येत गेले. आज अशी सेवा अनेक ठिकाणी एखादी छोटी धर्मादाय संस्था चालवते आणि तिची अंतिम कायदेशीर जबाबदारी मानधन न घेणाऱ्या मूठभर विश्वस्तांवर असते. ज्यांना असे पद देऊ केले गेले आहे किंवा ज्यांनी ते नुकतेच स्वीकारले आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

होकार देण्याआधी संस्थेची घटना, गेल्या दोन-तीन वर्षांचे हिशेब आणि ज्या कंपन्यांत चॅप्लन जातात त्यांच्याशी झालेले लेखी करार मागून घ्यावेत आणि ते सावकाश वाचावेत. घटनेतील उद्दिष्टाचे कलम विशेष लक्ष देऊन वाचावे, कारण संस्थेचा प्रत्येक पौंड त्या कलमाच्या चौकटीतच खर्च करता येतो. ‘ख्रिस्ती धर्माची अभिवृद्धी’ असे उद्दिष्ट असलेली संस्था आणि ‘कामगारांचे कल्याण’ असे उद्दिष्ट असलेली संस्था बाहेरून सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या विश्वस्तांना वेगवेगळे निर्णय घ्यावे लागतात. संस्थेचे कायदेशीर स्वरूपही विचारावे. संस्था कंपनी किंवा स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व असलेली धर्मादाय संस्था असेल, तर तिचे करार तिच्याच नावावर होतात. ती साधा न्यास किंवा मंडळ असेल, तर करारावर विश्वस्तांची नावे येतात आणि देणी फेडायला संस्थेचा पैसा अपुरा पडला तर झळ थेट त्यांना लागू शकते. वयाची अट पहिल्या प्रकारात 16, तर दुसऱ्यात 18 वर्षे आहे. दिवाळखोरी किंवा अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यातील शिक्षेचा कायद्याने ठरवलेला काळ संपलेला नसेल, तर 2011 च्या धर्मादाय कायद्यानुसार हे पद स्वीकारता येत नाही.

पद स्वीकारल्यावर पहिल्या महिन्यातच एकदा चॅप्लनबरोबर फेरीला जावे. मी पहिल्यांदा गेलो ती पहाटे साडेपाचची वेळ होती. डेपोतील चहाच्या यंत्राजवळ चॅप्लन नुसतेच उभे होते. पाळीवर निघालेला एक चालक पेला भरता भरता म्हणाला, “काल रात्री पुन्हा दवाखान्यात नेलं तिला,” आणि उत्तराची वाट न पाहता बसकडे निघून गेला. चॅप्लन त्याच्याबरोबर बसपर्यंत चालत गेले. संपूर्ण फेरीत मला दिसलेले ‘काम’ एवढेच होते. त्यानंतर बैठकीत ‘किती भेटी झाल्या’ एवढेच विचारून थांबणे मला जमलेले नाही.

या पदाची खरी अवघड बाजू इथेच आहे. चॅप्लनशी झालेले बोलणे गोपनीय असते आणि तरीही त्या कामावर देखरेख ठेवणे विश्वस्तांचे कर्तव्य असते. म्हणून कोणाशी काय बोलणे झाले हे कधीही विचारू नये; कोणत्या पाळ्यांना भेट होते, कोणत्या विभागापर्यंत पोहोचता येत नाही, कोणत्या प्रकारच्या अडचणी वाढताना दिसतात आणि कोणत्या प्रसंगी चॅप्लनना स्वतःचा निर्णय अवघड वाटला, हे मात्र जरूर विचारावे. अहवाल वाचताना केवळ नावे नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. आमच्याकडे एका तिमाही अहवालात ‘रात्रपाळीतील फोर्कलिफ्ट चालवणारी महिला’ असा उल्लेख आला होता. नाव नव्हते, पण त्या गोदामात रात्रपाळीला तशी एकच महिला होती आणि अहवालाची प्रत कंपनीच्या व्यवस्थापकालाही जाणार होती. आम्ही ते पान मागे घेतले आणि तेव्हापासून कंपनीसाठीचा अहवाल वेगळा, फक्त ढोबळ स्वरूपाचा ठेवू लागलो. जिवाला धोका असेल, किंवा मुलाचा वा असुरक्षित प्रौढाचा छळ होत असल्याची शंका असेल, तेव्हा गोपनीयता थांबते; त्या क्षणी कोणाला फोन करायचा हे लेखी धोरणात नाव आणि क्रमांकासह असले पाहिजे आणि ही मर्यादा चॅप्लनने कामगारांनाही आधीच सांगितलेली असली पाहिजे.

कंपनीशी होणाऱ्या करारात चॅप्लन व्यवस्थापनाचे किंवा कामगार संघटनेचे प्रतिनिधी नाहीत, ते कोणत्याही धर्माच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसाला सारखेच उपलब्ध आहेत आणि कामाच्या वेळेत धर्मप्रचार करणार नाहीत, हे स्पष्ट लिहावे. माझ्या मते ख्रिस्ती साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची इतरांना दिलेली ओळख, यामुळे कमी होत नाही; ती विश्वासाने ऐकली जाण्याची शक्यता यामुळेच टिकते. कंपनी देणगी देत असेल तर अधिक सावध राहावे, कारण कामगार-कपातीच्या काळात त्या पैशाचे दडपण न बोलताही जाणवते. एखादा विश्वस्त त्याच कंपनीत नोकरीला असेल, तर त्याने हितसंबंध आधी जाहीर करून त्या विषयावरील चर्चा आणि मतदान यांतून बाहेर राहावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी.

चॅप्लनच्या काळजीसाठी दोन वेगळ्या व्यक्ती ठेवाव्यात. एक विश्वस्त रजा, कामाचे तास, खर्च आणि कामाचा आढावा पाहील. दुसरी व्यक्ती मंडळाबाहेरची, अनुभवी आणि प्रशिक्षित असावी आणि तिच्याशी चॅप्लनना मनावरचे ओझे निःसंकोच बोलता यावे. अनेक छोट्या संस्था पैशांअभावी हा दुसरा भाग टाळतात. मी मात्र छपाई आणि कार्यक्रमांवरचा खर्च कमी करून आधी यासाठी तरतूद करा असेच सांगेन.

हिशेबाची जबाबदारी खजिनदारावर सोपवली तरी ती सर्व विश्वस्तांचीच राहते, म्हणून प्रत्येक बैठकीत बँकेतील शिल्लक आणि पुढील सहा महिन्यांचा अंदाज सर्वांनी पाहावा. नोंदणीकृत संस्थेने धर्मादाय आयोगाला (इंग्लंड आणि वेल्समधील धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेला) द्यायची वार्षिक माहिती आर्थिक वर्ष संपल्यापासून 10 महिन्यांच्या आत जावी लागते. पैशांचा मोठा अपहार किंवा एखाद्याला झालेली गंभीर इजा अशी घटना घडली, तर आयोगाला ती तातडीने कळवावी. बदनामीच्या भीतीने ती मंडळात दाबून ठेवू नये. राखीव निधी किती असावा हे ठरवताना चॅप्लनच्या पगाराचा आणि नोकरी संपवण्याआधी द्यायच्या सूचना-काळाचा हिशेब आधी मांडावा.

एखादी कंपनी बंद होणार असे कळले, की त्याच आठवड्यात तातडीची बैठक बोलवावी. शेवटच्या पाळीपर्यंत आणि त्यानंतरचे काही महिने चॅप्लन त्या लोकांना कुठे आणि किती दिवस भेटणार, त्याचा खर्च कोणत्या निधीतून होणार आणि तो संस्थेच्या उद्दिष्टात बसतो का, हे प्रश्न त्या बैठकीत ठरावासह निकाली काढावेत, म्हणजे गेटला कुलूप लागल्यानंतरच्या सोमवारी कुठे जायचे हे चॅप्लनना आधीच माहीत असेल.