जुन्या नोकऱ्यांचा पीएफ एका खात्यात कसा आणावा

नोकरी सोडली की कुणीतरी हमखास सांगतं, "पीएफ काढून घे, कटकट मिटेल." हा सल्ला अजिबात ऐकू नका. निवृत्तीसाठी कुठला फंड चांगला याची चर्चा नंतर करा, आधी मागच्या नोकऱ्यांचा पीएफ चालू खात्यात आणा.

कारण पीएफच्या आत पेन्शनही आहे. मालक भरतो त्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही १५,००० पर्यंतचाच पगार धरून, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते आणि त्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. हिशोब असा: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सेवेची २० वर्षं पूर्ण झाली की २ वर्षं जादा धरतात.

सगळी नोकरी सप्टेंबर २०१४ नंतरची आणि पेन्शनसाठीचा पगार १५,००० धरू. ६, ४ आणि १३ वर्षांच्या तीन नोकऱ्या जोडल्या तर २३, वर २, अशी २५ वर्षं होतात आणि पेन्शन ५,३५७ रुपये बसते. पहिल्या ६ वर्षांचे पेन्शनचे पैसे १०-सी फॉर्म भरून काढले असतील तर सेवा उरते १७ वर्षं. वीस पूर्ण नाहीत म्हणून जादाची दोनही गेली. पेन्शन ३,६४३. दर महिन्याला १,७१४ रुपये कमी, आणि तेही जन्मभर. फॉर्म १९ने पीएफ निघतो आणि १०-सीने पेन्शनचे पैसे, पण लोक दोन्ही एकदमच भरून मोकळे होतात. शिवाय सलग पाच वर्षं व्हायच्या आत पीएफ काढला तर कर लागतो. ट्रान्सफर केला तर मागची वर्षं त्या पाचांत मोजली जातात.

पायरी १. यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून असणारा पीएफचा एकच क्रमांक, चालू करा. आधार, पॅन आणि बँक खातं जोडा.

पायरी २. ईपीएफओच्या (पीएफ संघटनेच्या) मेंबर पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडा. सगळ्या नोकऱ्या, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे दिसते. एखादी नोकरी दिसत नसेल तर दुसरा यूएएन निघालेला असू शकतो. जुन्या पगारपत्रकावर शोधा.

पायरी ३. नाव आणि तारखा जुळवणं. खरं काम इथे आहे. माझं स्वतःचं प्रकरण इथेच अडलं होतं. पहिल्या नोकरीत टाइम ऑफिसने आडनाव आधी लिहिलं होतं आणि वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. अर्ज परत परत रिजेक्ट होई. आपल्याकडे हे घरोघरी आहे. बायकांचं तर आणखी अवघड, कारण माहेरचं नाव पीएफमध्ये, सासरचं आधारवर आणि पॅनवर तिसरंच काहीतरी.

माझं ठाम मत: आधी आधारवरचं नाव कायमचं ठरवा, मग पॅन, मग बँक, आणि पीएफ सगळ्यात शेवटी. पीएफमधल्या चुकीच्या नावाशी जुळावं म्हणून आधार बदलायला सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकलंत तर एक गाठ सुटेल आणि चार नव्या बसतील. पीएफमधली दुरुस्ती 'जॉइंट डिक्लरेशन' नावाच्या अर्जाने होते. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ किंवा त्यानंतरचा आणि आधारने पडताळलेला असेल तर नाव, जन्मतारीख असे तपशील बहुतेक वेळा आपले आपल्याला बदलता येतात. त्याआधीचा असेल तर अर्ज मालकाच्या मंजुरीला जातो. तिथे तो पडून राहतो. एचआरला फोन करू नका, ईमेल करा आणि त्यात अर्ज केल्याची तारीख लिहा. लेखी मागणीचा पुरावा राहतो.

आता एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख. जुन्या कंपनीने ती भरलीच नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी 'मार्क एक्झिट'मधून आपणच भरू शकतो. पण घाई करू नका. तारीख शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच लागते, आणि एकदा भरली की बदलणं सोपं नसतं. रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा आणि त्यावरचीच तारीख टाका. अंदाजाने महिन्याची शेवटची तारीख टाकणारे पुष्कळ असतात. नवी नोकरी त्याच महिन्यात धरली असेल तर कागदावर एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात आणि पुढचं सगळं तुंबतं. कारणात 'निवृत्ती' निवडू नका.

पीएफ ऑफिसबाहेर टक्केवारीवर काम करून देणारे उभे असतात. त्यांना ओटीपी देणं म्हणजे खातं देणं. अडलंच तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात भरणाऱ्या 'निधी आपके निकट' शिबिराला कागद घेऊन जा. तिथे कामाला पैसे पडत नाहीत.

पायरी ४. 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट'मधून ट्रान्सफरचा अर्ज करा. नोकऱ्या तीन असतील तर अर्ज प्रत्येकीचा वेगळा.

पायरी ५. पासबुक बघा. आपला आणि मालकाचा हिस्सा नव्या खात्यात आलेला दिसेल, पेन्शनच्या रकान्यात मात्र जुनी रक्कम दिसणार नाही. इथे लोक घाबरून तक्रारी करतात. पेन्शन त्या रकमेवर ठरतच नाही, सेवेची वर्षं आणि पगार यांवर ठरते. म्हणून जुन्या पीएफ ऑफिसकडून येणारा ट्रान्सफरचा तपशील, 'अनेक्शर के', मागून घ्या आणि त्यात मागची सेवा बरोबर लागली आहे का ते तपासा. हा कागद जपून ठेवा. ५८व्या वर्षी पेन्शनचा अर्ज, म्हणजे १०-डी फॉर्म, भरताना जुनी सेवा दाखवायला तो उपयोगी पडतो.

पायरी ६. ई-नॉमिनेशन करा, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला मिळावेत ते पोर्टलवर नोंदवा. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद होतं, ते नव्याने भरा.