दुधाच्या खाड्याशेजारी गॅस, वीज आणि तेलाचीही नोंद

मराठी घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेला तिथी-वार दाखवण्याखेरीज आणखी एक काम असते आणि ते म्हणजे दुधाचा हिशेब सांभाळणे. दूध आले नाही त्या दिवसाच्या चौकटीत खाडा मांडला जातो, पाहुणे आले म्हणून अर्धा लिटर जास्त घेतले तर तेही तिथेच लिहिले जाते आणि महिनाअखेरीस दूधवाल्याशी एका मिनिटात हिशेब मिटतो. ही शिस्त आपण सिलिंडरला, तेलाच्या डब्याला किंवा विजेच्या मीटरला मात्र लावत नाही. त्यामुळे खर्च आवरायचे ठरवले की चहातली साखर कमी होते, पॅसेजमधला ९ वॅटचा दिवा कोणीतरी लगबगीने मालवतो आणि त्याच वेळी २००० वॅटचा गीझर तासभर चालूच राहतो. पुढे सांगितलेल्या सवयी लावण्यापूर्वी किमान एक महिना केवळ नोंद करावी, बाकी काहीही बदलू नये.

नोंद अगदी थोडी असावी, कारण लांबलचक जमाखर्चाची वही बहुतेक घरांत दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. नवा सिलिंडर लावला त्या दिवशी चौकटीत ‘गॅस’ लिहावे. तेलाची पिशवी किंवा डबा, चहापूड, साखर आणि कपड्यांची पावडर उघडली त्या दिवशी त्या-त्या जिनसाचे नाव आणि वजन लिहावे. आणि दर महिन्याच्या १ तारखेला वीजमीटरवरचा आकडा टिपावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर अनेक आकडे आलटून पालटून येत असतात, त्यांपैकी ‘केडब्ल्यूएच’ (kWh, म्हणजेच युनिट) ही अक्षरे दिसत असताना येणारा आकडा आपल्या कामाचा. एवढ्या नोंदींना महिन्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

गॅसपासून सुरुवात करू, कारण तिथे फरक लवकर दिसतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. ते भरलेल्या सिलिंडरच्या वजनातून वजा करून १४.२ किलो भरतात की नाही, हे घरपोच आणणाऱ्याकडून काट्यावर तोलून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि त्यात संकोच करण्याचे कारण नाही. एक सिलिंडर ३८ दिवस पुरला असेल तर रोजचा वापर साधारण ३७४ ग्रॅम झाला. तोच ४४ दिवसांवर नेता आला तर वर्षाला साडेनऊच्या थोडे वर लागणारे सिलिंडर सव्वाआठावर येतात. म्हणजे वर्षाकाठी एका सिलिंडरहून अधिक बचत होते आणि त्यासाठी कोणाच्याही ताटातले काही कमी करावे लागत नाही.

हे सहा दिवस मुख्यतः कुकरमधून निघतात. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि आच कितीही वाढवली तरी त्यापुढे तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्यामुळे तेच पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापते आणि म्हणून डाळ लवकर शिजते. शिटी वाजते याचा अर्थ आतला दाब त्याच्या मर्यादेला पोहोचला आणि जास्तीची वाफ बाहेर पडली. त्यानंतरही आच मोठी ठेवली तर आतले तापमान वाढत नाही, केवळ वाफ आणि तिच्यासोबत गॅसचे पैसे बाहेर जातात. त्यामुळे पहिली शिटी होताच आच अगदी बारीक करावी आणि घड्याळाकडे पाहून मिनिटे मोजावीत. ‘तीन शिट्ट्यांत वरण शिजते’ हे आपल्याकडचे माप तसे फसवे आहे, कारण मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चटकन होतात आणि बारीक आचेवर तेवढ्याच वेळात कदाचित एकही होत नाही, तरी डाळ मात्र दोन्हीकडे सारखीच शिजत असते. आपल्या कुकरला, आपल्या डाळीला आणि आपल्या गावच्या पाण्याला किती मिनिटे लागतात हे दोन-तीन वेळा पाहून ठरवावे. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरेपर्यंतही आत शिजणे चालूच असते, तेव्हा ती मिनिटे हिशेबात धरावीत आणि घाईने शिटी उचलून वाफ सोडू नये. तूरडाळ तासभर आणि तांदूळ अर्धा तास भिजवल्यास वेळ आणखी घटतो. राजमा, छोले आणि वाटाणे रात्रभर भिजवण्याला तर पर्यायच नाही. वरण, भात आणि बटाटे कुकरच्या वेगवेगळ्या डब्यांत एकाच वेळी लावण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, ती स्वतंत्र भात-कुकर आल्यापासून काही घरांत मागे पडली आहे, एवढेच.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येत असेल तर ती हवा तापवत असते. बर्नरची ज्योत निळी नसून पिवळी दिसू लागली की त्याची छिद्रे साफ करावीत. फ्रिजमधले दूध आणि उरलेली आमटी तापवण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढून ठेवावी. चहाचे पाणी कपाने मोजून घालावे, अंदाजाने नव्हे. शेवटची पोळी भाजण्याआधीच गॅस बंद केला तरी लोखंडी तवा तेवढी धग धरून ठेवतो.

विजेच्या बाबतीत एक सूत्र पाठ असले म्हणजे पुरते: वॅट गुणिले तास, भागिले १००० म्हणजे युनिट. जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट घेतो. साधारण ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा कमी वीज घेणारा पंखा तेवढ्याच वेळात सुमारे ११ युनिट घेतो. इस्त्री बहुधा १००० वॅटची असते, म्हणून रोज एक शर्ट करण्यापेक्षा आठवड्याचे कपडे एका बैठकीत करावेत. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास जेमतेम ०.६ युनिट लागते आणि २००० वॅटचा गीझर ते काम वीस मिनिटांच्या आत करतो. तो महागात पडतो तो पाणी तापवल्यामुळे नव्हे, तर तापलेले पाणी निवत राहते आणि गीझर ते पुन्हापुन्हा तापवत राहतो म्हणून. घरातल्यांच्या आंघोळी लागोपाठ उरकल्या आणि त्यानंतर बटण बंद झाले, तर बिलावरून होणारे निम्मे भांडण तिथेच संपते. वातानुकूलन यंत्र असल्यास ते २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा; एकेक अंश वर ठेवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो.

आता बिल. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. त्यांपैकी स्थिर आकार कितीही दिवे मालवले तरी कमी होत नाही, म्हणून बचतीचा हिशेब करताना तो बाजूला ठेवावा. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. अनेकांची समजूत अशी असते की १०१वे युनिट जळाले की सगळीच युनिटे वरच्या दराने धरली जातात. तसे नाही, वरचा दर केवळ टप्प्याच्या पुढच्या युनिटांना लागतो. यातून उपयोगाची गोष्ट अशी निघते की वाचवलेले युनिट नेहमी तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातले असते. महिन्याला ३२० युनिट जाळणाऱ्या घराने एका पंख्यावर १६ युनिट वाचवली, तर ती ३०१ ते ५०० च्या दराने वाचतात, सरासरी दराने नव्हे. नव्या पंख्याची किंमत किती महिन्यांत वसूल होईल हे त्या दराने काढावे आणि घरात सर्वांत जास्त तास फिरणारा एकच पंखा आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला चांगला चालणारा पंखा मोडीत काढणे ही बचत नव्हे. मुदतीआधी बिल भरल्यास मिळणारी छोटी सवलत आणि तिची तारीख बिलावरच छापलेली असते. ती तारीखही दिनदर्शिकेत लिहावी, रक्कम फार नसली तरी ती कष्टावाचून मिळते.

फ्रिज किती वीज खातो हे पाहण्याची सोपी युक्ती अशी की चार दिवस गावाला जाताना फ्रिज सोडून सगळे बंद करावे आणि मीटरचा आकडा निघताना व परतल्यावर लिहावा. दार उघडले जात नसल्यामुळे रोजच्यापेक्षा आकडा थोडा कमी येईल, पण अंदाज मिळतो. तो फारच मोठा आला तर आधी दाराचे रबर तपासावे: दारात कागद अडकवून ओढल्यास सहज सुटून आला तर रबर सैल झाले आहे. नवा फ्रिज घेताना केवळ वीजबचतीच्या लेबलवरचे तारे मोजू नयेत. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे लेबलवरचा कालावधी आणि वर्षाला किती युनिट, हा आकडा वाचावा.

किराण्यात आपण फसतो ते वजनात. पूर्वी अनेक जिनसांची पाकिटे ठरावीक वजनांचीच असावी लागत. ते बंधन आता राहिलेले नाही, त्यामुळे एक किलोसारखे दिसणारे पाकीट ८७० ग्रॅमचेही असू शकते. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते. शेजारच्या पिशवीची किंमत कमी असेल तर आधी तिचे वजन पाहावे. पाकिटावर प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर आता छापलेला असतो, त्याची अक्षरे बारीक असली तरी तुलना त्यानेच करावी. दुधाचेही असेच आहे. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोण्ड दुधात ३ टक्के. घरात साय काढून, विरजून, लोणी कढवून तूप करण्याची सवय असेल तर महाग दुधाचे पैसे तुपाच्या रूपाने बऱ्याच अंशी परत येतात आणि ताकाची कढी वर मिळते. पण साय गाळून टाकली जात असेल आणि तूपही दुकानातून येत असेल, तर तो दुहेरी खर्च आहे.

वर्षाच्या साठवणीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू, त्याच सुमारास मिरच्या, एप्रिल-मेमध्ये टिकाऊ उन्हाळी कांदा, असा क्रम मोठ्या घरांना शोभतो, कारण तिथे अंगण असते, ऊन असते आणि निवडायला हात असतात. तूरडाळीला एरंडेल चोळणे, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, पावसाळ्याआधी सगळ्याला ऊन दाखवणे हे जमणार नसेल तर दोन खोल्यांच्या घरात वर्षाचे धान्य भरू नये. आम्ही एका वर्षी हौसेने पोतेभर गहू घेतला आणि श्रावणापर्यंत त्यात सोंडे झाले. तेव्हापासून गहू तीन महिन्यांचा, रवा भाजून एक महिन्याचा आणि प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख, असा नियम आहे.

शिळ्या अन्नाच्या बाबतीतही गल्लत होते. फोडणीची पोळी, पोळीचा लाडू, फोडणीचा भात हे पदार्थ चविष्ट आहेत, परंतु त्यांना तेल, तूप, गूळ आणि दाणे लागतात. चार पोळ्या वाचवण्यासाठी तीन पळ्या तेल गेले तर त्याला बचत म्हणता येत नाही. कणीक भिजवण्याआधी कोण किती पोळ्या खाणार हे विचारून मोजून करणे केव्हाही स्वस्त. खरी बचत फुकट जाणाऱ्या गोष्टींत आहे: दोडक्याच्या शिरा आणि दुधीची साले यांची तीळ घालून चटणी होते, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आमटीत जातात. कोथिंबीर धुऊन ठेवू नये. निवडून, कोरडी करून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवावी. उरलेला भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नये, निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये जावा.

गळणाऱ्या नळाखाली रात्री बादली ठेवून सकाळी पाणी मोजावे. तो आकडा पाहिल्यावर वायसर बदलायला कोणाला सांगावे लागत नाही.

डिसेंबरअखेरीस जुनी दिनदर्शिका रद्दीत देण्याआधी तीन गोष्टी नव्या दिनदर्शिकेच्या पहिल्या पानावर उतरवून घ्याव्यात: चालू सिलिंडर लावल्याची तारीख, ३१ डिसेंबरचा मीटरचा आकडा आणि तेलाचा डबा उघडल्याचा दिवस. दुधाचे खाडे तोवर मिटलेले असतात.