काडीशिवाय जाळ, हातातून विभूती : शाळेत चमत्कार-प्रयोग कसे दाखवावेत

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी दाखवायचे चमत्काराचे प्रयोग शिकायला एक दुपार पुरते. ते दाखवून झाल्यावर जो प्रश्न येतो त्याची तयारी मात्र जास्त लागते, आणि विदर्भात तो प्रश्न ठरलेला आहे. काडी न लावता जाळ केला की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मग शेगावच्या गजानन महाराजांनी विस्तवाशिवाय चिलीम पेटवली, ती पण अशीच का?" त्या उत्तराकडे शेवटी येऊ. आधी सामान.

हळद, चुना, कापूर, लिंबं, तांदूळ, गोवरीची राख हे सगळं घरात किंवा किराणा ओळीत मिळतं. चुन्यासाठी तर नागपुरात पानठेल्यापलीकडे जायची गरजच नाही. पोटॅशियम परमँगनेट, ग्लिसरीन आणि मिथिल ऑरेंज शाळेच्या प्रयोगशाळेतून शिक्षकांच्या हातूनच घ्यावं. परमँगनेट आणि ग्लिसरीन कधीही एका पिशवीत न्यायचं नाही. बाटली सांडली तर पिशवीच पेटेल.

सुरुवात "देवीच्या हाता"ने करा, कारण त्यात आग नाही. पांढरं सुती कापड हळदीच्या अर्कात बुडवून आदल्या रात्री सावलीत वाळवायचं. अर्क पाण्यात करू नका. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, कापड डागाळतं आणि मुलांना लगेच संशय येतो. 50 मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये चमचाभर हळद घालून तासभर ठेवा आणि फडक्यातून गाळा. हे काम चुलीपासून लांब करा, स्पिरिट पेट घेतं. चुन्याचा वाटाण्याएवढा गोळा पेलाभर पाण्यात ढवळून निवळू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. त्यात हात ओला करून कापडावर टेकवला की लालभडक पंजा उमटतो. त्याच पंजावर लिंबू पिळलं की तो पुन्हा पिवळा होतो. हा दुसरा भाग गाळू नका, खरं शिक्षण त्यातच आहे: आम्लारी लागली की हळद लाल, आम्ल लागलं की पिवळी. पंजा फिकट आला तर चुन्याचं पाणी शिळं आहे असं समजा. उघडं राहिलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्यावर साय धरते आणि जोर जातो. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून मुलांच्या हाती फक्त निवळलेलं पाणी द्या, गोळा नाही.

लिंबातून रक्त काढणं याच जातीचं. सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंजचं द्रावण लावून वाळवा. लिंबाचं आम्ल लागताच रस लाल होतो. लिंबू रसाळ हवं. उन्हाळ्यातलं सुकलेलं लिंबू ऐनवेळी पचका करतं.

विभूतीला रसायन लागत नाही, सराव लागतो. बारीक चाळलेली राख साधारण चार चमचे आणि तांदळाची गाळलेली घट्ट पेज एक चमचा. मिश्रण जेमतेम वळेल इतकीच पेज घालायची. रुपयाएवढ्या चपट्या वड्या थापून दोन दिवस सावलीत वाळवा. पेज जास्त झाली तर वडी चुरत नाही आणि भक्तांसमोर अख्खी टपकते. कमी झाली तर अंगठ्याखालीच फुटते. वडी अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात धरायची, तळवा प्रेक्षकांना मोकळा दाखवायचा, मग हात पालथा करून हवेत फिरवताना बोटांच्या टोकांशी आणून चुरायची. नजर हाताकडे नको, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे हवी. आपण हाताकडे पाहिलं की सगळे हाताकडे पाहतात. पावसाळ्यात वड्या सादळतात, तेव्हा तांदूळ घातलेल्या डब्यात ठेवा.

आता जाळ. हा प्रयोग मोठ्या माणसानेच करायचा, उघड्यावर, शेजारी वाळूची बादली ठेवून आणि पहिली रांग तीन मीटर लांब बसवून. लोखंडी ताटात वाळूचा थर द्या, त्यावर बारीक केलेलं परमँगनेट अर्धा चमचा, मध्ये बोटाने खळगा. "तूप" म्हणून ग्लिसरीनचे पाच-सहा थेंब खळग्यात सोडायचे आणि मागे सरकायचं. आधी धूर, मग जांभळट ज्वाळा. मधल्या वेळात मंत्र म्हणतात तो उगाच नाही, त्याने वाट पाहण्याचा वेळ भरून निघतो. मे महिन्यातल्या नागपुरात तो वेळ फार कमी असतो. डिसेंबरच्या सकाळी ग्लिसरीन थंड आणि घट्ट असतं, मिनिटभरही काही होत नाही. नेमका तेव्हाच अपघात होतो: माणूस वाकून पाहतो किंवा आणखी थेंब टाकतो, आणि भडका तोंडावर येतो. थंडीत ग्लिसरीनची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा आणि पेटलं नाही तर लांबूनच वाळू टाकून प्रयोग सोडून द्या. गुलाबजल मिसळलेलं ग्लिसरीन कामाचं नाही, त्यातलं पाणी आग लागू देत नाही.

तळहातावरचा कापूर सोपा आहे. लहान वडी पेटवून दर दोन-तीन सेकंदांनी या हातावरून त्या हातावर टाकत राहायचं. उष्णता वर जाते आणि कातडीला तापायला वेळ मिळत नाही. जिभेवरचा कापूर फक्त तयारीच्या प्रौढ कार्यकर्त्याने करावा. चटका जाणवताच श्वास बाहेर सोडत तोंड मिटलं की हवा तुटून तो विझतो. स्टेजवर घाबरून तोंड कोरडं पडलं असेल तर हा प्रयोग रद्दच करा, कारण जीभ वाचते ती लाळेमुळे. वडी थुंकून चूळ भरायची. कापूर पोटात गेला तर विष आहे, लहान मुलांना झटके येतात. नारळ आपोआप पेटवायला सोडियम आणि नाणं तापवायला पाऱ्याचे क्षार वापरतात. ते दोन्ही शाळेत नकोतच.

आता तो प्रश्न. "हो, तशीच पेटवली" हे उत्तर चुकीचं आहे, आणि सभा बिघडवणारंही. प्रयोगातून एवढंच कळतं की काडीशिवाय जाळ होऊ शकतो. शेगावात त्या दिवशी काय झालं, ते आपल्या ताटातल्या वाळूवरून ठरत नाही. उलट बाजूने असंही सांगता येतं की आज कुणी ताटात जाळ करून "ही माझ्यातली दैवी शक्ती" म्हणत असेल, तर तो जाळ हा काही पुरावा नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही साधारण हीच रेघ ओढतो. दिवंगत संतांचे चमत्कार सांगण्याला त्यात आडकाठी नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं आणि लोकांना फसवणं, घाबरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार. त्यामुळे नागपूरचे सूफी संत ताजुद्दीन बाबा यांच्या करामतींवर सभेत निकाल द्यायची गरज नाही, देऊही नका.

परंपरा स्वतः सिद्धींकडे कशी पाहते, हे मात्र जरूर सांगा. पतंजलींनी योगसूत्रांत सिद्धींचा अख्खा पाद, म्हणजे अध्याय, लिहिला आणि त्यातच बजावलं की समाधीच्या वाटेवर त्या अडथळा आहेत. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, पिंडोल भारद्वाज हा भिक्खू चंदनाच्या पात्रासाठी हवेत उडतो. बुद्ध त्याला खडसावतात, पात्राचे तुकडे करवतात आणि गृहस्थांपुढे ऋद्धी, म्हणजे अलौकिक शक्ती, दाखवायला भिक्खूंना मनाई करतात. नागपुरातल्या इंदोरा या बौद्ध वस्तीतल्या सभेत ही गोष्ट एका वाक्यात पोचते. वारकरी श्रोत्यांना तुकोबा पुरतात: जडीबुटी, चमत्कार आपल्याला दाखवता येत नाहीत, असं त्यांनी अभंगातच सांगून टाकलंय.

धूप, ढोल चालू असताना श्रोत्यांत कुणाच्या अंगात आलं तर आव्हान देऊ नका, चिमटे काढू नका. वाद्य थांबवा, बाई असेल तर महिला कार्यकर्तीने हाताला धरून मोकळ्या हवेत न्यावं, पाणी द्यावं. वारंवार होत असेल तर घरच्यांना बाजूला घेऊन मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागाचं नाव सुचवा, माइकवरून नाही.

आवरताना ताटातलं सगळं पूर्ण विझल्यावर पाण्यात बुडवा. बोटांवरचे परमँगनेटचे तपकिरी डाग लिंबाने जातात, पण त्यासाठी वेगळं लिंबू घ्या. मिथिल ऑरेंज लागलेल्या फोडी स्वतः मोजून कचऱ्यात टाका. टेबलावर राहिल्या की कुणीतरी सरबताला उचलतं.