शिंगाची जुनी तपकिरीची डबी, वर मेसनची खूण: घेण्याआधी कशी तपासायची

तपकिरीची डबी म्हटलं की आपल्याला आजोबांच्या बंडीतली पत्र्याची डबी आठवते, पण स्कॉटलंडमध्ये पूर्वी ती मेंढ्याच्या नाहीतर गाईबैलाच्या शिंगाची करायचे, तिला म्हणतात 'मल', म्हणजे 'मिल'चाच तिथला उच्चार, कारण सुरुवातीला तंबाखू त्यातच घासून बारीक करायचे. वर फ्रीमेसनची (गवंड्यांच्या हत्यारांची चिन्हं वापरणारी एक जुनी बंधुसंघटना) खूण असली की भाव लगेच चढतो, म्हणून जरा बघून घ्या.

आधी शिंग खरं आहे का ते. झाकणामागे मोबाईलचा टॉर्च धरा, पातळ जागी उजेड आरपार येतो आणि आत वेड्यावाकड्या रेषा दिसतात, प्लास्टिकमध्ये सगळं एकसारखं. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, कापरासारखा आला तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. तापलेली सुई टोचून बघा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, कायमचा डाग पडतो. बारीक खड्डे दिसले तर घाबरू नका, शिंगालाही लोकरीसारखी कसर लागते.

आता खूण. गुण्या आणि कंपास, म्हणजे गवंड्याचीच हत्यारं, शिवाय डोळा, सूर्य-चंद्र, दोन खांब. खरी गोम इथेच आहे, डबी जुनी पण खूण कालपरवा कोरलेली असू शकते. भिंग घ्या. डबी हाताळून गुळगुळीत झालीय आणि कोरलेल्या रेघांच्या कडा मात्र बोटाला लागतायत, आत मळ नाही, पांढरट दिसतंय, तर खाली ठेवा. कड उडालेली असेल तर अजून सोपं: टवक्याबरोबर कंपासचा पाय अर्धा गेला असेल तर कोरीवकाम आधीचं, टवका चुकवून कोरलं असेल तर नंतरचं.

डबीला चांदी जडवलेली असेल आणि त्या चांदीवर एडिनबराचा किल्ल्याचा छाप मिळाला तर छानच (१७५९ पासून सोबत काटेरी थिसलचं फूल), पण छोट्या गावांतल्या कामावर बऱ्याचदा पूर्ण छाप नसतातच, तेवढ्यावरून खोटी ठरवू नका.

घरी आणल्यावर पाण्यात घालू नका. मी एकदा कोमट पाण्यात धुतली, झाकण असं वाकलं की परत बसलंच नाही. मऊ कोरडा ब्रश पुरे, आणि बिजागरीतली जुनी तपकीर राहू द्या.

मुंबईत १८४३ मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश माणसाने भारतीयांनाही घेणारी मेसन लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची शाखा, काढली होती, त्यामुळे असली डबी इकडेही निघू शकते, फक्त १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती तुम्हाला परदेशात पाठवता येणार नाही.